कंपाइलर पेटी उघडून पाहत नाही

देवगड तालुक्यातल्या एका हापूसच्या बागेत मी स्वतः जुळवलेले एक पर्जन्यमापक यंत्र उभे आहे. त्याची रचना अगदी साधी आहे. नरसाळ्यातून उतरणारे पाणी दोन कप्प्यांच्या एका छोट्या डोलत्या पात्रात पडते, ०.२ मिलिमीटर पावसाइतके पाणी साठले की ते पात्र एका बाजूला कलंडते, कलंडताना त्यावरचा चुंबक एका स्विचसमोरून जातो आणि आतल्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एका चिपवरच्या छोट्या संगणकाला, एक टिचकी पोहोचते. टिचक्या मोजायच्या, त्यांना ०.२ ने गुणायचे आणि भारतीय हवामान खाते ज्या वेळी आदल्या चोवीस तासांचा पाऊस नोंदवते, त्या सकाळी साडेआठच्या ठोक्याला आकडा मोबाइलवर पाठवायचा, एवढेच त्याचे काम आहे. त्यातल्या एका चुकीने मला कंपाइलर, म्हणजे आपण लिहिलेल्या कार्यक्रमाचे प्रोसेसरच्या सूचनांत भाषांतर करणारा कार्यक्रम, कसा वागतो ते शिकवले.

पहिल्याच पावसाळ्यात जूनमधल्या एका सकाळी बागायतदार काकांचा फोन आला. "अरे, तुझा यंत्र शंभराच्या वर दाखवता. काल एवढो पाऊस पडलोच नाय." आयुष्यभर पाऊस पाहिलेल्या माणसाचा अंदाज यंत्रापेक्षा कमी विश्वासाचा मानण्याचे मला काही कारण नव्हते. "काका, संध्याकाळपर्यंत बघून सांगतो," असे म्हणून मी नोंद उघडली. आकडा होता १०२.२ मिलिमीटर. हवामान खात्याच्या वर्गवारीत ६४.५ पासून ११५.५ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस 'जोरदार' ठरतो. काकांच्या मते मात्र आदल्या दिवशीचा पाऊस 'मध्यम'पलीकडे गेलेला नव्हता.

१०२.२ ला ०.२ ने भागले की ५११ येतात, आणि ज्याने संगणकाच्या आकड्यांशी थोडीफार झटापट केली आहे त्याला ५११ हा आकडा दिसताच शंका येते. या यंत्रातला मायक्रोकंट्रोलर आठ बिटांचा आहे, म्हणजे तो एका वेळी एकच बाइट (आठ बिट) उचलू शकतो आणि एका बाइटमध्ये २५५ पलीकडचा आकडा मावत नाही. २५५ टिचक्या म्हणजे ५१ मिलिमीटर पाऊस, आणि कोकणात हा एका दुपारचाही पाऊस असू शकतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस माझ्या यंत्राने मोजला असता तर टिचक्यांचा आकडा ४,७०० च्या पुढे गेला असता. म्हणून मोजणी दोन बाइटांत ठेवावी लागते, आणि ती वाचताना मायक्रोकंट्रोलरला दोन खेपा कराव्या लागतात: आधी खालचा बाइट, मग वरचा.

आता कल्पना करा की मोजणी २५५ वर आहे. वरच्या बाइटमध्ये शून्य आहे आणि खालच्या बाइटमध्ये २५५. कार्यक्रमाने खालचा बाइट वाचला, आणि नेमक्या त्याच क्षणी पात्र कलंडले. टिचकी आली की मायक्रोकंट्रोलर हातातले काम बाजूला ठेवून आधी टिचकी मोजतो. याला इंटरप्ट म्हणतात. मोजणी २५६ झाली, म्हणजे वरचा बाइट १ आणि खालचा शून्य. मग कार्यक्रम परत आपल्या जागी आला आणि त्याने वरचा बाइट वाचला, तो आला १. जुना खालचा २५५ आणि नवा वरचा १, ज्याची किंमत २५६ असते, मिळून झाले ५११. खरी मोजणी २५५ किंवा २५६ असताना यंत्राने दुप्पट पाऊस पाहिला, आणि आधीपेक्षा मोठा आकडा दिसला की तो जपून ठेवायचा असे मीच लिहिलेले असल्यामुळे तो चुकीचा आकडा सकाळपर्यंत टिकून राहिला. हा योगायोग वाटतो तितका दुर्मीळ नाही. माझा मुख्य लूप, म्हणजे सतत फिरत राहणारा कार्यक्रमाचा भाग, साधारण पन्नास सायकलींचा (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांचा) होता आणि दोन खेपांमधली फट दोन सायकलींची, म्हणजे ५१ मिलिमीटर ओलांडणाऱ्या प्रत्येक दिवशी ही चूक घडण्याची शक्यता पंचविसात एक होती. कोकणातल्या पावसाळ्यात असे दिवस मोजून मिळतात असे नाही.

यावरचा उपाय जुना आणि सर्वांना ठाऊक असलेला आहे. वाचण्यापूर्वी इंटरप्ट बंद करायचे, दोन्ही बाइट वाचायचे आणि मग इंटरप्ट पुन्हा सुरू करायचे. एव्हीआर जातीच्या या मायक्रोकंट्रोलरमध्ये बंद करण्याची सूचना 'सीएलआय' आणि सुरू करण्याची 'एसईआय' अशी आहे. खरी गोष्ट अशी की हा उपाय माझ्या कार्यक्रमात आधीपासून होता. तरीही ५११ कसे आले, हे समजून घेण्यासाठी कंपाइलर या सूचनांकडे कोणत्या नजरेने पाहतो ते समजून घ्यावे लागते, आणि हा लेख त्याविषयीच आहे.

सी भाषेत बेरीज आहे, अट आहे, लूप आहे; पण "इंटरप्ट बंद कर" असे सांगणारा शब्द नाही. तो असण्याचे कारणही नाही, कारण सी ही कोणत्याही एका प्रोसेसरची भाषा नव्हे. प्रोसेसरच्या खास गोष्टी, म्हणजे इंटरप्ट, झोप, आतल्या घड्याळाचे वाचन, ऑपरेटिंग सिस्टमला हाक मारणे, या प्रोसेसरच्याच भाषेत, म्हणजे असेंब्लीत, सांगाव्या लागतात. सगळा कार्यक्रम असेंब्लीत लिहिणे कोणालाच परवडत नाही, म्हणून सीच्या मधोमध असेंब्लीचा एखादा तुकडा बसवण्याची सोय जीसीसी आणि क्लँग या कंपाइलरांनी दिलेली आहे. तिलाच इनलाइन असेंब्ली म्हणतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा १९९१ पासून या सोयीवर उभा आहे आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही तोच गाभा चालतो.

बहुतेक नवशिक्यांची, आणि त्या वेळी माझीही, समजूत अशी असते की कंपाइलर हा तुकडा वाचतो, त्यात काय चालले आहे ते जाणतो आणि त्याप्रमाणे आजूबाजूचा सीचा मजकूर जुळवून घेतो. जीसीसीच्या बाबतीत ही समजूत पूर्णपणे चुकीची आहे. आंब्याच्या हंगामात देवगडहून वाशीच्या बाजाराकडे जाणारा टेम्पो आठवा. टेम्पोवाला पेट्या उघडून आत पायरी आहे की हापूस, चार डझन आहेत की पाच, हे पाहत बसत नाही. तो पेटीवरची चिठ्ठी वाचतो, तिच्यावरून कोणती पेटी खाली ठेवायची, कोणती वर, कोणती आधी उतरवायची ते ठरवतो आणि आपल्या सोयीने गाडी भरतो. पेटी उघडते ती वाशीला, दलालाच्या गाळ्यावर. कंपाइलर हा टेम्पोवाला आहे आणि असेंब्लर, म्हणजे असेंब्लीचे अंतिम यंत्रसूचनांत रूपांतर करणारा कार्यक्रम, हा गाळेवाला. तुम्ही लिहिलेला असेंब्लीचा तुकडा कंपाइलरच्या लेखी निव्वळ अक्षरांची एक ओळ असते. त्यातल्या रिकाम्या जागांमध्ये तो रजिस्टरांची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवण-जागांची, नावे भरतो, ती ओळ आपल्या मजकुरात जशीच्या तशी चिकटवतो आणि पुढे पाठवतो. ओळीत शुद्धलेखनाची चूक असली तरी ती कंपाइलरला दिसत नाही, नंतर असेंब्लरला दिसते.

आतल्या मजकुराविषयी त्याला एकच कुतूहल असते, ते म्हणजे लांबी. मजकुरात किती ओळी आहेत ते मोजून तो एकूण आकाराचा अंदाज बांधतो, आणि तो अंदाजही ढोबळ असतो. लिनक्सच्या गाभ्यात काही तुकडे दिसायला लांबलचक पण प्रत्यक्षात एकदोन सूचनांचे असत, आणि ओळी मोजणारा कंपाइलर त्यांना अवजड समजून ज्या फंक्शनांना (कार्यक्रमाच्या नाव दिलेल्या भागांना) हाक मारण्याऐवजी जागच्या जागी उलगडायला हवे होते त्यांना उलगडत नसे. अखेरीस २०१९ साली जीसीसीच्या नवव्या आवृत्तीत "हा तुकडा लहानात लहान आहे असे धरून चाल" असे सांगण्याची वेगळी सोय आली.

तेव्हा महत्त्वाची ठरते ती चिठ्ठी. चिठ्ठी न लावताही तुकडा लिहिता येतो, त्याला साधा प्रकार म्हणतात, पण सीमधल्या चलांशी त्याचा काहीही संबंध जोडता येत नाही. खरे काम विस्तारित प्रकाराने होते. त्यात असेंब्लीच्या मजकुरानंतर विसर्गचिन्हांनी वेगळे केलेले तीन रकाने येतात: या तुकड्यातून काय बाहेर येते, या तुकड्यात काय आत जाते, आणि यांखेरीज हा तुकडा आणखी काय काय बिघडवतो. तिसऱ्या रकान्याला क्लॉबर म्हणतात. या तीन रकान्यांत जे लिहिलेले आहे तेवढेच कंपाइलरला ठाऊक असते, आणि जे लिहिलेले नाही ते घडतच नाही असे तो धरून चालतो. चिठ्ठी खोटी असेल तर कंपाइलर तक्रार करत नाही, इशारा देत नाही. तो खोट्यावर विश्वास ठेवून पुढचे सगळे काम निष्ठेने करतो.

माझ्या यंत्रातली चूक या तिसऱ्या रकान्यातली होती. मी 'सीएलआय'चा एक तुकडा लिहिला, त्याखाली सीमध्ये मोजणी वाचली आणि त्याखाली 'एसईआय'चा तुकडा लिहिला. दोन्ही तुकड्यांचे तिन्ही रकाने रिकामे होते. कंपाइलरच्या नजरेने पाहा: पहिला तुकडा काही घेत नाही, काही देत नाही, काही बिघडवत नाही, दुसराही तसाच, आणि मधे एका चलाचे वाचन आहे, ज्याचा या दोघांशी काडीचाही संबंध नाही. ते वाचन लागते कुठे, तर पुढच्या तुलनेच्या ओळीत. मग ते तिथेच का करू नये? कंपाइलरने तयार केलेल्या अंतिम सूचनांची यादी काढून पाहिली तेव्हा 'सीएलआय' आणि 'एसईआय' एकापाठोपाठ एक उभे होते आणि दोन्ही बाइटांचे वाचन त्यांच्या नंतर होते. दाराला कडी घातली, लगेच काढली, आणि मग चोरांसमोर दागिने मोजायला बसलो, असा तो प्रकार होता.

उपाय म्हणजे क्लॉबरच्या रकान्यात 'मेमरी' हा एक शब्द लिहिणे. त्याचा अर्थ असा की हा तुकडा स्मृतीतली कोणतीही जागा वाचू किंवा बदलू शकतो. हे वाचल्यावर कंपाइलर सावध होतो. रजिस्टरात धरून ठेवलेल्या चलांच्या किमती तो तुकड्यापूर्वी स्मृतीत परत लिहितो, तुकड्यानंतर त्या पुन्हा स्मृतीतून वाचतो, आणि स्मृतीचे कोणतेही वाचन किंवा लेखन त्या रेषेपलीकडे नेत नाही. आत एकही सूचना नसलेला, पूर्णपणे रिकामा तुकडा आणि त्यावर फक्त 'मेमरी' असे लिहिलेली चिठ्ठी, एवढ्याने एक अदृश्य बांध तयार होतो. लिनक्सच्या गाभ्यात 'बॅरिअर' नावाने सर्वत्र वापरला जातो तो नेमका हाच. पेटी रिकामी आहे, काम सगळे चिठ्ठीच करते. मोजणीच्या चलालाच 'व्होलटाइल' (म्हणजे दर वेळी खरोखर स्मृतीतून वाचायचे) म्हटले असते तरी या प्रसंगी माझी सुटका झाली असती, पण ते मी केलेले नव्हते.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. हा बांध कंपाइलरपुरता असतो. माझा आठ बिटांचा मायक्रोकंट्रोलर सूचना दिलेल्या क्रमाने पाळतो, म्हणून मला तेवढा पुरला. फोनमधले आणि संगणकातले अनेक गाभ्यांचे (मल्टिकोर) प्रोसेसर मात्र स्वतःच्या सोयीसाठी स्मृतीच्या व्यवहारांचा क्रम स्वतःहूनही बदलतात, आणि त्यांना थोपवण्यासाठी तुकड्याच्या आत खरी सूचना लागते. एआरएम जातीच्या प्रोसेसरवर ती 'डीएमबी', इंटेलच्या घराण्यात 'एमफेन्स'. चिठ्ठी कंपाइलरला अडवते, सूचना प्रोसेसरला अडवते, आणि जिथे दोघांनाही अडवायचे असते तिथे दोन्ही लागतात.

'व्होलटाइल' या शब्दाविषयी जितका गैरसमज आहे तितका या क्षेत्रातल्या दुसऱ्या कोणत्याही शब्दाविषयी नसेल. तुकड्यामागे हा शब्द लावला की कंपाइलर त्याला हातच लावणार नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याचे आश्वासन पुष्कळ लहान आहे. हा शब्द नसेल आणि तुकड्यातून बाहेर येणारी किंमत पुढे कोणी वापरत नसेल, तर कंपाइलर तो तुकडा सरळ वगळतो. ज्या पेटीची कोणी मागणी केलेली नाही ती गाडीत का चढवायची? तसेच, एकाच प्रकारचे दोन तुकडे दिसले आणि दोघांना आत जाणारी किंमत एकच असली, तर दोघांतून बाहेर येणारे उत्तरही एकच असणार असे धरून तो दुसरा तुकडा गाळतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आतल्या घड्याळाची टिकटिक वाचणारी 'आरडीटीएससी' नावाची सूचना आहे. एखाद्या कामापूर्वी आणि कामानंतर ती वाचून वजाबाकी केली की कामाला लागलेला वेळ कळतो. 'व्होलटाइल' लिहायचे राहिले तर कंपाइलर दोन्ही वाचने एकच समजू शकतो आणि कोणतेही काम शून्य वेळात झाल्याचे दिसते. ज्या तुकड्यातून काहीच बाहेर येत नाही त्याला हा शब्द न लिहिताही लागू असतो, आणि म्हणूनच माझे 'सीएलआय' गायब झाले नव्हते. ते जागेवर होते, त्यांच्या मधला ऐवज तेवढा निसटला होता.

'व्होलटाइल' आणि 'मेमरी' हे दोन्ही लिहिले तरी सगळे संपत नाही. पावसाचा जोर काढण्यासाठी मी एका स्थिर आकड्याला दोन टिचक्यांमधल्या वेळाने भागतो, आणि ते उत्तर ज्या चलात ठेवतो ते चल इंटरप्टही वाचतो, म्हणून ते लिहिताना इंटरप्ट बंद हवेत. साहजिकच मी भागाकार आधी लिहिला, त्यानंतर 'सीएलआय', मग उत्तर चलात ठेवणे आणि शेवटी 'एसईआय'. कंपाइलरने भागाकार उचलून 'सीएलआय'च्या आत नेला. त्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे: भागाकार रजिस्टरांमध्ये होतो, स्मृतीला स्पर्श करत नाही, मग स्मृतीच्या बांधाने त्याला अडवण्याचे कारण काय? पण या मायक्रोकंट्रोलरमध्ये भागाकाराची सूचनाच नाही; तो पाटीवरच्या भागाकारासारखा पायरीपायरीने करावा लागतो आणि त्याला दोनशेच्या आसपास सायकली लागतात. जो दरवाजा चारपाच सायकलींसाठी बंद ठेवायचा होता तो दोनशे सायकली बंद राहिला. १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर हे बारा-तेरा मायक्रोसेकंद होतात आणि पाऊस मोजताना त्याने काहीही बिघडत नाही, हे मी प्रांजळपणे सांगतो. पण तोच प्रकार मोटार फिरवणाऱ्या किंवा वेगाने बाइट स्वीकारणाऱ्या यंत्रात घडला तर तिथे बाइट हरवतात. एव्हीआरसाठीच्या प्रमाणित सी लायब्ररीच्या दस्तऐवजात नेमक्या याच घोटाळ्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते मी आधी वाचले असते तर माझे दोन दिवस वाचले असते.

याची सोडवणूक मला फार आवडते. भागाकारानंतर आणि 'सीएलआय'पूर्वी एक रिकामा 'व्होलटाइल' तुकडा ठेवायचा आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहायचे की हा तुकडा भागाकाराचे उत्तर आत घेतो आणि बदलून बाहेर देतो. तुकडा प्रत्यक्षात काहीच करत नाही. पण 'व्होलटाइल' तुकड्यांचा आपापसातला क्रम कंपाइलर राखतो, आणि या तुकड्याला उत्तर द्यायचे तर भागाकार त्याआधी पुरा करावा लागतो, म्हणून भागाकार 'सीएलआय'च्या अलीकडे अडकतो. इथे चिठ्ठी जाणूनबुजून खोटी लिहिली आहे, पण ते खोटे निरुपद्रवी बाजूचे आहे. खऱ्यापेक्षा जास्त बिघाड कबूल केला तर कार्यक्रम फार तर थोडा संथ होतो. खऱ्यापेक्षा कमी कबूल केला तर तो चुकतो.

आता आत-बाहेरच्या रकान्यांकडे येऊ. बाहेर येणाऱ्या किमतीपुढे '=' हे चिन्ह म्हणजे "इथे फक्त लिहिले जाते", आणि '+' म्हणजे "आधी वाचले जाते, मग लिहिले जाते". कोणते रजिस्टर द्यायचे ते बहुधा कंपाइलरवर सोपवलेले असते, आणि रजिस्टरे मोजकी असल्यामुळे तो काटकसर करतो. त्याची एक पक्की धारणा असते: आत येणाऱ्या सगळ्या किमती आधी वाचून होतील आणि मगच बाहेर जाणारी किंमत लिहिली जाईल. एकाच सूचनेच्या तुकड्यात हे खरेच असते. या धारणेवर विसंबून तो आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या किमतीसाठी एकच रजिस्टर देऊ शकतो. पण तुमच्या तुकड्यात दोन सूचना असतील, पहिली उत्तराचा काही भाग लिहीत असेल आणि दुसरी आत आलेली किंमत वाचत असेल, तर पहिल्या सूचनेने दुसरीच्या तोंडचा घास काढून घेतला असे होते. ज्या कळशीत ताक ठेवले आहे तिच्यातच पाणी ओतावे, तसे. यासाठी '&' हे चिन्ह आहे; ते लिहिले की कंपाइलर त्या उत्तराला वेगळी कळशी देतो. या चिन्हाचा विसर पडणे ही माझ्या मते सगळ्यांत छळवादी चूक आहे, कारण आजूबाजूला रजिस्टरे मोकळी असतील तोवर कंपाइलर योगायोगाने वेगळीच रजिस्टरे देत राहतो आणि कार्यक्रम अचूक चालतो. मग वर्षभराने त्याच फंक्शनमध्ये कोणीतरी एक निरुपद्रवी ओळ वाढवतो, रजिस्टरांची टंचाई होते आणि भलत्याच ठिकाणी उत्तर चुकते.

आत येणारी किंमत तुकड्याने बदलली आणि तसे सांगितले नाही, ही या चुकीची सख्खी बहीण आहे. इंटेलच्या ६४ बिटी प्रोसेसरवर लिनक्सला हाक मारण्याची 'सिसकॉल' नावाची सूचना आहे. परत कुठे यायचे तो पत्ता ती 'आरसीएक्स' या रजिस्टरात ठेवते आणि प्रोसेसरच्या स्थितीची नोंद 'आर११' मध्ये ठेवते, म्हणजे या दोन्हींमधले आधीचे सामान नाहीसे होते. तुमच्या तुकड्याच्या मजकुरात या दोन रजिस्टरांचा उल्लेखही नसतो, त्यामुळे मजकूर वाचणाऱ्या माणसाचीही फसगत होते. कंपाइलर तर वाचतच नाही. ती दोन नावे क्लॉबरमध्ये लिहिली नाहीत तर त्यांत ठेवलेला लूपचा आकडा हाक मारून परत येईपर्यंत कचरा झालेला असतो. एव्हीआरवर याहून खोल खड्डा आहे. तिथे 'आर१' या रजिस्टरात कायम शून्य असते असा कंपाइलरचा घरचा नियम आहे आणि ते शून्य तो जागोजागी वापरतो. गुणाकाराची सूचना मात्र आपले उत्तर 'आर०' आणि 'आर१' या जोडीतच टाकते. म्हणून हाताने गुणाकार लिहिणाऱ्याने उत्तर दुसरीकडे हलवून 'आर१' पुन्हा शून्य करून ठेवावे लागते. भाड्याने घेतलेली होडी परत करताना तिच्यातले पाणी उपसून द्यावे लागते, तशातलाच हा भाग आहे.

दुसऱ्या पावसाळ्यापूर्वी मी यंत्र सौर पॅनेलवर नेले. आषाढात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही, त्यामुळे यंत्राने टिचक्यांच्या मधल्या वेळात झोपणे भाग होते. इंटरप्ट बंद करायचे, नवी टिचकी आली आहे का ते पाहायचे, नसेल तर इंटरप्ट सुरू करून झोपायचे. धोका शेवटच्या दोन पावलांच्या मधे आहे: इंटरप्ट सुरू झाल्यावर आणि झोप लागण्यापूर्वी टिचकी आली तर ती मोजली जाईल, पण मुख्य कार्यक्रम तिची दखल न घेता झोपी जाईल आणि पुढच्या टिचकीपर्यंत उठणार नाही. प्रोसेसर बनवणाऱ्यांनी याचा विचार केलेला आहे. 'एसईआय'नंतरची लगतची एक सूचना पुरी झाल्याशिवाय थांबलेला इंटरप्ट आत सोडला जात नाही. म्हणून 'एसईआय'च्या पाठोपाठ 'स्लीप' असेल तर आधी झोप लागते आणि मग तोच इंटरप्ट यंत्राला उठवतो. पण ही सवलत एकाच सूचनेपुरती आहे, आणि 'एसईआय' व 'स्लीप' दोन वेगळ्या तुकड्यांत लिहिले तर कंपाइलर त्यांच्या मधे स्वतःची एखादी सूचना घालायला मोकळा असतो. दोन्ही तुकडे 'व्होलटाइल' असले तरी त्यांचा क्रम राखला जातो, शेजार राखला जात नाही. शेजार हवा असेल तर दोन्ही सूचना एकाच पेटीत भराव्या लागतात, कारण पेटी तो फोडत नाही.

असे तुकडे वर्षानुवर्षे चालतात आणि कंपाइलरची नवी आवृत्ती आली की मोडतात, तेव्हा दोष कंपाइलरला दिला जातो. खरे कारण बहुधा वेगळे असते. तुकडा एका स्वतंत्र फंक्शनमध्ये असेल तर फंक्शनच्या हाकेच्या नियमांमुळेच पुष्कळ रजिस्टरे बिघडलेली मानली जातात आणि अपुरी चिठ्ठी आपोआप झाकली जाते. नवा कंपाइलर अधिक हुशार होतो, ते फंक्शन हाक मारण्याऐवजी जागच्या जागी उलगडतो, मधला आडोसा जातो आणि जुने खोटे उघडे पडते. उलगडताना तुकड्याच्या एकाहून अधिक प्रतीही निघू शकतात. तुकड्यात उडी मारण्यासाठी ठरावीक नावाची खूण ठेवली असेल तर तीच खूण दोनदा आल्याबद्दल असेंब्लर अडून बसतो. ही चूक निदान ओरडून सांगते, म्हणून तिचे मला फार वाईट वाटत नाही.

सगळे कंपाइलर सारखे नाहीत. क्लँग सहसा स्वतःचाच असेंब्लर वापरतो, त्यामुळे तुकड्यातली शुद्धलेखनाची चूक तो स्वतः दाखवू शकतो. पण ऑप्टिमायझेशन, म्हणजे सूचना सुटसुटीत आणि वेगवान, करताना तोही चिठ्ठीवरच चालतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरने ३२ बिटी काळात वेगळी वाट धरली होती, तो तुकडा खरोखर वाचत असे आणि कोणती रजिस्टरे वापरली ते स्वतः ओळखत असे. ६४ बिटी प्रोसेसरांसाठी मात्र त्याने ही सोयच काढून टाकली आणि तयार फंक्शने वापरण्यास सांगितले. रस्ट भाषेत २०२२ च्या फेब्रुवारीत, १.५९ या आवृत्तीत, इनलाइन असेंब्ली पक्की झाली तेव्हा तिने नियमच उलटा ठेवला: तुकडा स्मृतीला हात लावतो आणि तो वगळता येणार नाही, हे गृहीतच धरले जाते, तसे नसेल तर लिहिणाऱ्याने मुद्दाम सांगायचे. माझ्या मते हीच योग्य दिशा आहे. माणूस विसरणारच, तेव्हा विसरण्याची किंमत चुकीच्या उत्तराऐवजी थोड्या संथपणात मोजावी लागलेली बरी.

काकांना मी त्या संध्याकाळी सांगितले की पाऊस ६० मिलिमीटर होता, ३०० टिचक्या, आणि तुमचाच अंदाज बरोबर होता. "तां माका ठावकच होता," एवढेच ते म्हणाले. मोजणी वाचण्यासाठी आता मी स्वतःचे 'सीएलआय' लिहीत नाही. लायब्ररीत 'अॅटॉमिक ब्लॉक' नावाची तयार सोय आहे, जिची चिठ्ठी जाणत्या लोकांनी लिहिलेली आहे आणि जी इंटरप्ट आधी बंदच असतील तर शेवटी ते चुकून सुरू करत नाही. भागाकाराला अडवणारा रिकामा तुकडा आणि झोपेची जोडी, एवढे दोनच तुकडे माझ्या हातचे उरले आहेत. कंपाइलर बदलला की मी अंतिम सूचनांची यादी काढतो, तिच्यात ते दोन बाइट दरवाजाच्या आत वाचले जात आहेत ना आणि 'एसईआय'ला लागूनच 'स्लीप' आहे ना, हे डोळ्यांनी पाहतो आणि मगच यंत्र बागेत परत लावतो.